आधी मागची बाजू: उत्तरकालीन रोमन ब्राँझ नाणी आणि त्यांच्या नोंदी

 

माझ्या हातात एक नाणं आहे. मागच्या रांगेतून ते दिसणार नाही, आणि पडद्यावर मोठं करून दाखवलं की त्याचा खरा आकार डोक्यातून जातो. म्हणून आधी आकार सांगून ठेवतो. जुनं स्टीलचं दहा पैशांचं नाणं आठवतंय? साधारण तेवढं. व्यास 16 मिलिमीटर, वजन दीड ग्रॅमला थोडं कमी. रंग काळपट हिरवा. एका बाजूला उजवीकडे बघणारं एक डोकं, त्याच्याभोवती कधीकाळी अक्षरं होती असं वाटण्यापुरत्या खुणा. दुसऱ्या बाजूला दोन माणसं उभी, मध्ये काठीसारखं काहीतरी. बस्स.

रोमन साम्राज्यात चौथ्या शतकात असली नाणी अमाप पाडली गेली. ब्रिटनपासून सीरिया-इजिप्तपर्यंत जिथे खणाल तिथे निघतात. ही चिल्लर होती. सोन्याचं नाणं सैन्याच्या बक्षिसात आणि मोठ्या करांत फिरायचं. पाव, तेल, हमामाची फी, हे सगळं या असल्या तुकड्यांवर चालायचं. त्यामुळे सामान्य माणसाचा हात ज्याला लागलाय असा रोमन पुरावा शोधायचा तर तो हाच. आणि गंमत अशी की नोंदी सगळ्यात वाईट होतात त्या याच नाण्यांच्या.

आज मी नाण्यांवर कमी आणि नाण्यांच्या नोंदींवर जास्त बोलणार आहे. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. कॅटलॉगची कोणी करत नाही, कारण कॅटलॉग म्हणजे नुसती माहिती असं आपण धरून चालतो. पण कॅटलॉग हेही कोणीतरी लिहिलेलं पुस्तक असतं. त्याला आवडीनिवडी असतात. काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं, कशाला नाव द्यायचं, हे लिहिणारा ठरवतो, आणि आपण नकळत त्याच्या डोळ्यांनी नाणं बघायला लागतो.

पहिला गोंधळ पहिल्या प्रश्नापासूनच सुरू होतो. नाणं हातात आलं की आपण विचारतो, "कोणाचं आहे?" साहजिक आहे. आपल्याकडेही शिवराई म्हणजे महाराजांची, रुपया म्हणजे राणीचा. पण चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझला हा प्रश्न पहिला विचारला की फसगत होते. का ते सांगतो.

एक तर नावं. कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स. (हशा) हसू नका, ज्याला झिजलेली नाणी वाचायची असतात त्याला रडू येतं. लेखातली सुरुवातीची सहा-सात अक्षरं तीच, फरक शेवटाला, आणि शेवटच नेमका झिजलेला असतो. दुसरं म्हणजे चेहऱ्यांवर भरवसा नाही. या काळात चेहरा हा माणसाचा कमी आणि पदाचा जास्त आहे. मोठे डोळे, सरळ नाक, डोक्यावर मोत्यांची नाहीतर फुलांची पट्टी. ज्युलियनसारखा एखादा दाढी राखणारा निघाला तर नशीब.

आणि तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्याचा चेहरा, त्यानं नाणं पाडलं असं नसतं. कॉन्स्टंटाइन सम्राट असताना त्याच टांकसाळीत, त्याच दिवशी, त्याच्या मुलांच्या चेहऱ्यांची नाणी पडत होती, मागची बाजू तीच ठेवून. मुलं तेव्हा सीझर, म्हणजे धाकटी पाती. उलट 337 साली तो वारल्यावर मुलांनी बापाचं नाणं काढलं. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, आणि मागे चार घोड्यांचा रथ वर चाललाय नि आकाशातून एक हात खाली आलाय. चेहरा कॉन्स्टंटाइनचा, राज्य मुलांचं. याहून पुढची पायरी म्हणजे 330 पासून निघालेली, सम्राटच नसलेली नाणी. एकावर शिरस्त्राण घातलेली रोम नगरी आणि मागे दोन बाळांना पाजणारी लांडगीण. दुसऱ्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरी आणि मागे जहाजाच्या नाळेवर पाय ठेवून उभी विजयादेवी. नवी राजधानी 330 च्या मे महिन्यात वसली, त्या प्रसंगाची ही नाणी. आता यांच्या खाली "कॉन्स्टंटाइनचं नाणं" अशी चिठ्ठी लावली तर ती चूक नाही म्हणता येत, पण नाण्यावर जे नाही ते तुम्ही लिहिलंय.

मग सुरुवात कुठून करायची? मागच्या बाजूपासून. या नाण्यांचा कणा मागच्या बाजूला आहे. साम्राज्यभर डझनभर टांकसाळी, पण कोणत्या वर्षांत मागे काय चित्र असायचं हे बऱ्यापैकी एकसारखं ठरलेलं. चित्र ओळखलं की काळ हातात येतो, कधीकधी पाच वर्षांच्या आत. हे सोन्याच्या नाण्यातही इतक्या सहज होत नाही.

माझ्या हातातलं नाणं घ्या. दोन सैनिक समोरासमोर, हातात भाले, ढाली जमिनीला टेकवलेल्या. याच्या भोवतीचा मजकूर असतो "ग्लोरिया एक्सर्सिटस", सैन्याचा गौरव. 330 च्या सुमारास हा छाप आला तेव्हा सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज होते आणि नाणं अडीच ग्रॅमच्या आसपास होतं. 335 च्या सुमारास नाणं हलकं केलं गेलं, दीड ग्रॅमपर्यंत उतरलं, आणि जागा कमी पडली म्हणून म्हणा किंवा जुनं-नवं कळावं म्हणून म्हणा, दोन ध्वजांचा एक ध्वज झाला. हा एका ध्वजाचा छाप 341 च्या आसपास संपतो.

म्हणजे करायचं काय, तर मोजायचं. एक की दोन. आपल्याकडे दुदांडी शिवराई ओळखताना आडव्या दांड्या बघतात ना, तसंच. पण मी असे उत्खनन-अहवाल वाचलेत ज्यांत लिहिलंय, "मागे: सैनिक व ध्वज." किती ध्वज? ते नाही. लिहिणाऱ्यानं बघितलं असणार, पण त्याला ते मोजण्यासारखं वाटलं नाही. आता समजा हे नाणं एका घराच्या फरशीखाली सापडलंय. एक ध्वज असेल तर ती फरशी 335 च्या आधीची असूच शकत नाही. दोन असतील तर 330 नंतर कधीही. एका आकड्याच्या आळसानं पाच वर्षं गेली. नाणं पुढे हरवलं, चोरीला गेलं किंवा पेटीत सडलं तर ती पाच वर्षं कायमची गेली.

आता कॅटलॉगांकडे वळू.

या विषयातलं सगळ्यात मोठं नाव आरआयसी, म्हणजे "रोमन इम्पीरियल कॉइनेज". पहिला खंड 1923 चा, दहावा 1994 चा. आपल्या कामाचे सहा ते दहा हे खंड, सन 294 ते 491. सहावा सदरलँडचा, सातवा ब्रूनचा, आठवा आणि दहावा केंटचा, नववा पिअर्सचा. कॉन्स्टंटाइनवर काम करायचं तर ब्रूनचा सातवा खंड (1966) आणि त्याच्या मुलांवर करायचं तर केंटचा आठवा (1981) याला पर्याय नाही. प्रस्तावना तर स्वतंत्र पुस्तकं होतील अशा आहेत. मी हे आदरानं सांगतोय, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. (हशा)

या खंडांची मांडणी, निदान सहा ते नऊची, टांकसाळीप्रमाणे आहे. ट्रिअर, ल्योन, आर्ल्स, रोम, अ‍ॅक्विलिया, सिस्किया, असं करत पूर्वेला अँटिओक-अलेक्झांड्रियापर्यंत. टांकसाळीच्या आत काळाप्रमाणे, त्याच्या आत छाप आणि सम्राट. विद्वानाच्या दृष्टीनं हे चोख आहे. टांकसाळ कशी चालली, कधी बंद पडली, कोणती मालिका कशानंतर आली, सगळं दिसतं. पण ज्याच्या हातात नाणं आहे त्याच्या दृष्टीनं? पुस्तक उघडायचं तर टांकसाळ माहीत हवी. टांकसाळीची खूण असते मागच्या बाजूला अगदी तळाशी, पायांखालच्या रेघेच्या खाली, म्हणजे नाण्याच्या कडेला. कड आधी झिजते. कधी ठसाच सरकलेला असतो आणि खूण नाण्याबाहेर पडलेली असते. म्हणजे हे पुस्तक तुम्हाला आत घेण्याआधी नेमकी तीच गोष्ट विचारतं जी झिजलेलं नाणं सांगू शकत नाही.

याचा परिणाम फार वाईट होतो. लोक अंदाजानं टांकसाळ ठरवतात आणि क्रमांक लिहून मोकळे होतात. "आरआयसी, ट्रिअर, अमुक." वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती नेमकं. पण ट्रिअर नाण्यावर नव्हतंच, ते लिहिणाऱ्याच्या मनात होतं. त्यातून उद्या कोणी हिशेब मांडतो की या गावात ट्रिअरची नाणी इतके टक्के, म्हणजे व्यापार त्या दिशेनं. आणि मग तो टक्का पुस्तकापुस्तकांतून फिरत राहतो.

याच्या शेजारी ठेवा एक बारीकसं पुस्तक, "लेट रोमन ब्राँझ कॉइनेज", एलआरबीसी. 1960. पहिला भाग हिल आणि केंट यांचा, 324 ते 346. दुसरा कार्सन आणि केंट यांचा, 346 ते 498. टांकसाळींची मांडणी इथेही आहेच, पण सगळं तक्त्यांत. मागचा छाप, खूण, चेहरा, प्रत्येकाला संक्षेप. वाचायला रुक्ष, चित्रं मोजकी, गोष्टी सांगत नाही. रेल्वेचं वेळापत्रक म्हणा. पण उत्खननाच्या तंबूत बसलेल्या माणसाला हेच पुस्तक लागतं, कारण एका पानावर नजर फिरवली की छाप समोर येतो. आणि या पुस्तकाभोवती ब्रिटिश उत्खनन-अहवालांत एक फार प्रामाणिक सवय रुजली. टांकसाळ वाचता आली तर नुसता क्रमांक. छाप नक्की, टांकसाळ नाही, तर क्रमांकाच्या आधी "याप्रमाणे" अशा अर्थाचा छोटा शब्द. नक्कल असेल तर तसं. दोन अक्षरांचा तो शब्द, पण तो सांगतो की माझी नजर इथवर पोचली, पुढे नाही. मला विचाराल तर या विषयातल्या सगळ्या लेखनात हा मला सर्वांत सभ्य शब्द वाटतो.

टांकसाळीच्या खुणेवरून माझी स्वतःची एक फजिती सांगतो. शिकत होतो तेव्हाची. एका नाण्याच्या तळाशी स्वच्छ वाचता आलं, एस, सी, ओ, एन, एस, टी. मी खूश. कॉन्स्टँटिनोपल! नोंद केली, वही मिटली. वर्षभर ती नोंद तशीच. नंतर एका ज्येष्ठांनी वही चाळताना नुसतं विचारलं, "विभागाचं अक्षर पुढे आहे की मागे?" बस, पायाखालची जमीन सरकली.

झालंय असं की आर्ल्स, फ्रान्सच्या दक्षिणेचं गाव, त्याला कॉन्स्टंटाइनच्या काळात कॉन्स्टंटिना हे नाव मिळालं. आधी तिथल्या नाण्यांवर ए, आर, एल असायचं, नंतर कॉन्स्ट. आता दोन "कॉन्स" झाले. ओळखायचे कसे? टांकसाळीत वेगवेगळे विभाग असत आणि प्रत्येकाचं अक्षर खुणेत असे. पश्चिमेत बहुधा लॅटिन क्रम, पी म्हणजे प्रीमा, पहिला, एस म्हणजे सेकुंदा, दुसरा. पूर्वेत ग्रीक क्रम, अल्फा, बीटा, गॅमा. आर्ल्सनं अक्षर पुढे लावलं, पी-कॉन्स्ट, एस-कॉन्स्ट. कॉन्स्टँटिनोपलनं मागे, कॉन्स-अल्फा, कॉन्स-बीटा. माझं एस पुढे होतं. म्हणजे मी ऱ्होन नदीकाठचं नाणं उचलून दोन हजार किलोमीटर पूर्वेला, बॉस्फरसवर नेऊन ठेवलं होतं. एका अक्षराची जागा न बघता.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगतो, खूण "वाचू" नका, उतरवून घ्या. जशी आहे तशी. जिथे अक्षर पुसलंय तिथे टिंब. वाचणं पुढच्या ओळीत.

आता नावांविषयी. बाजारात, लिलावात, पुस्तकांत तुम्ही "फॉलिस" हा शब्द सतत ऐकाल. डायोक्लेशियननं 294 च्या सुमारास नाण्यांची फेररचना केली, तेव्हाचं ते मोठं, दहा ग्रॅमचं, वर चांदीचा पातळ मुलामा असलेलं नाणं. त्याला फॉलिस म्हणायची पद्धत पडली. पण फॉलिस म्हणजे थैली. नाण्यांची थैली. एकेका नाण्याला त्या काळची माणसं नुम्मुस म्हणत असावीत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपण शंभर वर्षं नाण्याला पाकिटाच्या नावानं हाक मारतोय.

मग यातून सुटका म्हणून "एई 1, 2, 3, 4". एई म्हणजे लॅटिन "एस", तांबं-ब्राँझ, आणि आकडे व्यासाचे. 25 मिलिमीटरच्या वर एक, 21 ते 25 दोन, 17 ते 21 तीन, 17 च्या खाली चार. सोयीचं आहे. पण हे मूल्य नाही, ही फूटपट्टी आहे. वीस वर्षांत तेच नाणं हलकं होत होत तीनमधून चारमध्ये घसरतं, आणि नोंद वाचणाऱ्याला वाटतं की दोन वेगळी नाणी होती. मी म्हणेन, मिलिमीटर लिहा, ग्रॅम लिहा. पट्टी कोणीही लावून घेईल.

स्वतःची किंमत स्वतः सांगणारं ब्राँझ नाणं यायला 498 उजाडावं लागलं. सम्राट अनास्तासियसनं मागच्या बाजूला भलंमोठं ग्रीक एम काढलं, म्हणजे चाळीस, चाळीस नुम्मी. एलआरबीसी तिथेच का थांबतं हे आता कळलं असेल.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या छापाकडे येतो, कारण नोंदीचे सगळे दोष एकाच ठिकाणी बघायचे तर हा बघावा. मजकूर आहे "फेल टेंप रेपारातिओ". पुरता शब्द रेपारातिओ हा एकच, पुनःस्थापना. बाकीचे दोन तोडलेले, आपण ते भरतो आणि म्हणतो, सुखाच्या काळाचं पुनरागमन. काळ सुखाचा अजिबात नव्हता, पण ते सरकारी घोषवाक्य आहे. घोषवाक्यं कधी लागतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या घोषणेखाली वेगवेगळी चित्रं आहेत. गोलावर उभा फिनिक्स पक्षी. जहाजात उभा सम्राट. झाडाखालच्या झोपडीतून एका छोट्या माणसाला हाताला धरून बाहेर आणणारा सैनिक. आणि सगळ्यात जास्त दिसणारं, घोड्यासह कोसळलेल्या स्वाराला भाल्यानं भोसकणारा सैनिक.

या कोसळलेल्या माणसाला नोंदींमध्ये काय म्हणतात? बऱ्याचदा "बार्बेरियन". मराठीत आणताना आपण लिहितो "रानटी". थांबा जरा. नाण्यावर काय दिसतं? दाढी असलेला किंवा नसलेला माणूस. कधी डोक्यावर टोकदार टोपी, कधी उघडं डोकं. कधी तो हात मागे सैनिकाकडे करतोय, दया मागावी तसा, कधी घोड्याच्या मानेला मिठी मारून पडलाय. केंटनं आठव्या खंडात या पडण्याच्या पद्धतींना वेगळे क्रमांक दिले, आणि हे मात्र त्याचं मोठंच काम आहे, कारण टांकसाळ आणि काळ यांच्याशी या पद्धतींचं नातं लागतं. टोपी इराणी वाटते, म्हणून इराणी शत्रू म्हणावं, तर दुसऱ्या नाण्यावर टोपीच नाही. आपण "रानटी" लिहितो तेव्हा आपण रोमच्या घोषणाखात्याचं काम करतोय, चौथ्या शतकातलं, तेही फुकट. "खाली पडलेला स्वार, टोकदार टोपी, हात मागे" एवढं लिहा. माणूस कोण ते वाचणारा ठरवेल.

झोपडीवाल्या चित्रात तर हे आणखी बोचतं. त्या छोट्या माणसाला ओढून नेतायत की हात धरून वसवायला आणतायत, यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय. नोंदीत "कैदी" लिहिलं की वाद संपला, तोही पुराव्याशिवाय.

आणि तारीख? इथे खरी गंमत आहे. एलआरबीसीत हा छाप 346 ला सुरू होतो. त्या दुसऱ्या भागाचा एक लेखक केंट. एकवीस वर्षांनी तोच केंट आरआयसीच्या आठव्या खंडात तोच छाप 348 ला सुरू करतो. 348 हे रोमच्या स्थापनेचं 1100 वं वर्ष धरलं जातं, आणि पुनरागमनाची घोषणा त्याच्याशी जोडली जाते. आधीचा छापही त्याबरोबर सरकला. दोन विजयादेवी समोरासमोर माळा धरून उभ्या असलेलं जे नाणं, ते एलआरबीसीत 341 ते 346, आठव्या खंडात 347 ते 348. म्हणजे सहा वर्षांचं नाणं दीड-दोन वर्षांचं झालं, आणि 341 नंतर काही वर्षं रिकामी पडली.

मी यात केंटला दोष देत नाही. अभ्यासकानं मत बदलावंच. पण आता विचार करा. 1965 साली कोणीतरी अहवालात फक्त "341–346" असं लिहून ठेवलं असेल, छाप न सांगता, तर ती नोंद आज मेली. आणि ज्यानं लिहिलं असेल "दोन विजयादेवी, मध्ये पानाची खूण", त्याची नोंद आजही चालते. उद्या तारीख आणखी हलली तरी चालेल.

अशीच दोन उदाहरणं पटकन सांगतो. 324 ते 330 मधला "प्रोविदेंतिए" मजकुराचा छाप, दगडी बांधकाम, वर दोन बुरूज, मध्ये तारा. सगळे त्याला "छावणीचं द्वार" म्हणतात. काहींच्या मते ते सीमेवरचे इशारा देणारे मनोरे आहेत. नाव छावणीचं पडलंय, पडू द्या, पण नोंदीत बुरूज किती आणि दगडांचे थर किती ते मोजून लिहा. दुसरं, ज्युलियनचा बैल. वर दोन तारे. एपिस म्हणतात, मित्राचा बळी म्हणतात, राशीतला वृषभ म्हणतात. पाचव्या शतकातला चर्च-इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की अँटिओकचे लोक ज्युलियनच्या दाढीची आणि या बैलाची टर उडवायचे. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही त्याचा सरकारी अर्थ पटलेला नव्हता. मग आपण कशाला घाई करायची?

आता ही झिजलेली, टांकसाळ न दिसणारी नाणी करायची काय? रिचर्ड रीस यांनी ब्रिटनमधल्या 140 स्थळांची नाणी घेऊन एक पुस्तक केलं, 1991 साली. त्यांनी नाण्यांचे 21 कालखंड पाडले. सतरावा 330 ते 348, अठरावा 348 ते 364, असे. एका स्थळावर प्रत्येक कालखंडाची हजारी किती नाणी, ते काढायचं आणि दुसऱ्या स्थळांशी ताडून बघायचं. याला सम्राट नको, टांकसाळ नको. मागचा छाप ओळखता आला की नाणं कामाला लागलं. ज्यांना "अस्पष्ट" म्हणून डबीत टाकलं होतं ती नाणी बोलायला लागली. माझी तक्रार एवढीच, की या पद्धतीच्या नादानं काही अहवालांत छापही लिहीत नाहीत, थेट कालखंडाचा आकडा टाकतात. आणि कालखंडाच्या सीमा कशावर उभ्या? त्याच 348 वर.

हे सगळं लांबच्या देशाचं वाटत असेल तर एक जवळची गोष्ट. पहिल्या-दुसऱ्या शतकातली सोन्या-चांदीची रोमन नाणी भारतात सापडतात, त्यावर भरपूर लिहिलं गेलं. पण चौथ्या-पाचव्या शतकातली ही बारीक ब्राँझ नाणी तामिळनाडूत, करूर आणि मदुराईकडे, आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येनं सापडतात. आर. कृष्णमूर्ती यांनी 1994 साली तामिळनाडूतल्या नाण्यांवर पुस्तक केलं, श्रीलंकेतल्या नाण्यांवर राइनहोल्ड वाल्बुर्ग यांचं 2008 चं पुस्तक आहे. ही नाणी बहुतेक पार झिजलेली. कैद्याला ओढत नेणारी विजयादेवी, मजकूर "सालूस रेइपुब्लिसे", पाचव्या शतकाच्या तोंडाशी येणारा छाप, तोही फक्त एका तिरक्या आकृतीएवढा उरलेला. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकला आहेत, ज्यांत अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्यात.

यांची नोंद दोन प्रकारे बिघडते. एक, "रोमन, अस्पष्ट". दुसरी उलटी, कोणीतरी हौसेनं आर्केडियसचं नाव आणि आरआयसीचा क्रमांक लावून देतो. दोन्हींत एक गोष्ट हरवते: हे नाणं इथे इतकं झिजेपर्यंत कोणाच्या तरी हातात फिरलंय, आणि कोणाला तरी त्यासारखं दुसरं करावंसं वाटलंय. नकलेला "भ्रष्ट" म्हणणं सोपं आहे. पण ज्यानं ती केली त्याला लॅटिन येत नव्हतं, त्याला नाणं चालवायचं होतं. रेघांची संख्या, दिशा, वजन हे नीट लिहून ठेवलं तर एका ठशाची दोन नाणी कधीतरी एकमेकांना सापडतील.

माझ्या हातातल्या नाण्याची नोंद आता वाचून दाखवतो, मग प्रश्न घेऊ.

"ब्राँझ. 15 ते 16 मिलिमीटर, 1.4 ग्रॅम. दोन्ही ठसे एकमेकांना उलटे, सहा वाजता. पुढे: उजवीकडे बघणारं डोकं, दाढी नाही, डोक्यावर पट्टी, नक्षी अस्पष्ट. लेख: तीन-चार अक्षरांच्या खुणा, शेवटी ए-यू-जी असावं. मागे: दोन सैनिक समोरासमोर, मध्ये एक ध्वज, ध्वजाच्या कापडावर ठिपका. लेख: जी-एल-ओ, पुढे टिंबं. तळाची खूण नाण्याबाहेर." इथे रेघ. रेघेखाली: "ग्लोरिया एक्सर्सिटस, एका ध्वजाचा. 335 ते 341. शेवटचं वाचन बरोबर असेल तर चेहरा सम्राटाचा, सीझरचा नाही. टांकसाळ ठरत नाही."

रेघेच्या वर मी काय बघितलं ते आहे, खाली मला काय वाटतं ते. खालचं उद्या कोणीही खोडून टाका.

हं, प्रश्न. तिथे मागे, ताई, माइक देतायत.

ताई विचारतायत की ऑनलाइन अशी न धुतलेली नाणी पाकिटानं मिळतात, घ्यावीत का, आणि घरी कशी साफ करावीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: चिंच नको, लिंबू नको, राख नको. देवघरातला तांब्या नाही तो. हिरव्या थराखालीच छाप टिकून असतो, आम्लानं थर गेला की छापही जातो. साधं पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर दिवस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कठीण आहे. त्या पाकिटातली बरीच नाणी कुठून खणून काढली ते विकणारा सांगत नाही, आणि सांगत नाही यालाच कारण असतं. मी विकत घेत नाही. कोणाकडे आधीपासून आलेली असतील तर मात्र एक रांग जास्त आखून घ्या वहीत, "कुठे सापडलं". तिथे "माहीत नाही" असं स्पष्ट लिहा. रिकामी सोडू नका, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी तिथे अंदाजानं गावाचं नाव लिहितो.

आणि फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचे, शेजारी पट्टी ठेवून. स्वयंपाकघरातला काटा चालेल का असं कोणीतरी चॅटमध्ये विचारलंय. एका ग्रॅमच्या आत मोजत असेल तर चालेल, नाहीतर जवळच्या सोनाराकडे जा. तो हसेल, पण वजन बरोबर देईल.